मत कोणी द्यावे?

रहबामाची गोष्ट आपण तरुणांना वारंवार ऐकवतो. त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकला, बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि दहा वंश गमावले. तात्पर्य आपण असे काढतो की, कारभार तरुणांच्या हाती देऊ नये.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ३ नोव्हेंबर २०२० रोजी मतदारांपुढे असाच प्रश्न आला. त्या देशात १९७१ च्या घटनादुरुस्तीपासून अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळतो. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत ज्याला अठरा पुरी होणार, त्याला सतराव्या वर्षीच आधीच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता यावे, असा तो प्रस्ताव होता. अखेरची निवड जो करणार, त्याने उमेदवारही का ठरवू नयेत? विरोधक म्हणाले, ही मुले अजून शाळेत आहेत, आईबाप व शिक्षक यांच्या प्रभावाखाली आहेत. सुमारे ५६ टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला.

विरोधकांची शंका पोकळ नव्हती. वयाची रेषा कोठेतरी आखावीच लागते. आपल्या देशातही ती १९८९ साली एकविसावरून अठरावर आली. परंतु त्या मतदानात ज्यांच्याविषयी प्रश्न होता, त्यांनाच उत्तर द्यावयाची मुभा नव्हती. हक्क ज्याच्या हाती, तोच न्यायाधीश! अशा वेळी न्यायाधीशाने आपले माप आधी स्वतःला लावून पाहावे. आपण प्रौढ माणसे तरी कोणाच्या प्रभावाखाली मत देतो? जात, नातेगोते, कोणी केलेले उपकार, हे सारे आपल्याबरोबर मतदान केंद्रात येतच नाही काय?

मंडळीतही हेच घडते. दृढीकरण झालेल्या मुलाला आपण प्रभुभोजनाच्या मेजाशी बोलावतो; वार्षिक सभेत मात्र तो लहान ठरतो. एका सभेत हिशेबाविषयी प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला मी स्वतः "तू अजून लहान आहेस, बस" असे म्हटले. तो बसला. त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्याचे वय मला आडोशाला सापडले, इतकेच.

त्या रात्री मी रहबामाचा वृत्तांत पुन्हा काढून वाचला. राज्यावर बसला तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात लिहिले आहे. त्याच्याबरोबर वाढलेले ते "तरुण" त्याच वयाचे असणार! म्हणजे राज्य कोवळ्या वयाने मोडले नाही. लोकांचे गाऱ्हाणे न ऐकणाऱ्या ताठ मानेने मोडले. आणि ती मान कोणत्याही वयात ताठ होऊ शकते.

बंधुभगिनींनो, पुढील वार्षिक सभेत कोणी तरुण हात वर करील, तेव्हा त्याचे वय विचारण्याआधी त्याचा प्रश्न ऐकू या.