खुडूक : दोष की गुण?

सेवानिवृत्त मनुष्य घरात एका जागी फार वेळ बसून राहिला की घरची मंडळी त्यास खुडूक कोंबडीची उपमा देतात. आम्हांसही ती अनेकदा मिळाली आहे. उपमा देणाऱ्यांचा हेतू अर्थातच गौरवाचा नसतो. अंडे देत नाही, जागची हलत नाही आणि हात लावू जावे तर फुलारून अंगावर येते, ती खुडूक. ज्या घरात ओट्याजवळ कोंबडीचे नाव काढणेही वर्ज्य होते, त्या घरात ही उपमा इतकी कशी रुळली, हे कोडेच आहे. आमची चाकरी मात्र पशुपालनाच्या शासकीय कामात गेल्यामुळे खुडूक कोंबडी आम्ही पुष्कळ पाहिली, आणि तिच्याविषयी आमच्या हातून एक अन्यायही घडला. त्याचा हिशेब मांडण्यासाठी हे टिपण.

काही वर्षांपूर्वी देवास गेटच्या बसस्थानकावर आम्ही बसची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक खेडवळ वृद्धा होती. तिच्या पायाशी बांबूची टोपली, टोपलीवर फडके, आणि फडक्याखाली एक कोंबडी निश्चल बसलेली. बाजारात न्यायची कोंबडी पाय बांधून उलटी धरतात. हिचा थाट निराळा होता. जुन्या सवयीने आम्ही विचारले, ‘‘विकायला नेता का?’’ बाई माळवीत म्हणाली, ‘‘नाही बाबूजी, लेकीकडे नेते आहे. तिच्याकडे अंडी आहेत, पण बसणारी एकही नाही. ही बसते.’’

‘ही बसते’ हे दोन शब्द तिने अशा काही अभिमानाने उच्चारले, की आम्ही मनातल्या मनात खजील झालो. कारण ज्या प्रशिक्षणाच्या टिपणवह्यांवर आम्ही नोकरी केली, त्यांत हाच गुण ‘दोष’ या सदराखाली लिहिलेला होता, आणि आम्हीही तो पुढच्या कित्येकांना तसाच शिकवला होता.

हिशेब अगदी सरळ होता. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पुढे दीड-दोन महिने पिलांमागे फिरते आणि या अवधीत एकही अंडे देत नाही. याउलट, खुडूक होण्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने काढून टाकलेली व्हाइट लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात जाते. या बसण्यामागचे कारणही शास्त्राने शोधले आहे. ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला नाव दिले आणि १९३५ साली ते टोचून कोंबडीस खुडूक करून दाखवले. तेव्हा आईपण म्हणजे रक्तातील एक द्रव्य, आणि खुडूकपण म्हणजे बुडालेली अंडी, असे समीकरण आमच्या डोक्यात पक्के बसले. खुडूक मोडण्याचे उपायही आम्ही सांगत असू. खेड्यांतून तिला पाण्यात बुचकळत, पाय बांधून ठेवत, नाकपुड्यांतून पीस ओवत. आम्ही त्यातल्या त्यात दयाळू. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, असा आमचा सल्ला असे.

परंतु त्या एकवीस दिवसांत ती करते काय, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला तिला आळशी म्हणवणार नाही. जाणती बाई कोंबडीला संध्याकाळी, अंधार पडताना बसवते. टोपलीच्या तळाशी राख, म्हणजे उवा होत नाहीत. वर गव्हाचे काड, जमल्यास कडुनिंबाचा पाला. आणि आठवड्याच्या आतली, कोंबडीच्या पोटाखाली मावतील तेवढीच दहा-बारा अंडी. पुढचे काम कोंबडीचे. छातीवरची पिसे जाऊन उघडी पडलेली कातडी ती अंड्यांना लावते, तेव्हा कोठे त्यांना साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब मिळते. कडेची अंडी मध्ये घेते, मधली कडेला सारते. अंडे फिरले नाही तर आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटून मरतो. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, दाणापाणी करते, धुळीत अंग घुसळते आणि परतते. वजन घटते, तुरा फिका पडतो. पाळणाऱ्याने सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून वांझ अंडी काढावीत, अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नये. कारण शेवटच्या दिवशी कवचाच्या आतून पिलू चिवचिवते आणि आई बाहेरून त्यास हलक्या आवाजात उत्तर देते. जन्मापूर्वीच ओळख पटवण्याच्या या घटकेत तिसऱ्याचे काम नसते.

पहिले पिलू बाहेर आले तरी ती उठत नाही. मागून येणाऱ्यांसाठी बसून राहते. आधी जन्मलेल्यांच्या पोटात उरलेल्या बलकाची दोन-तीन दिवसांची शिदोरी असते, म्हणून त्यांना वाट पाहणे शक्य होते. भावंडांसाठी निसर्गाने केलेली ही सोय व्यापाराने बरोबर हेरली. एक दिवसाची पिले खोक्यांत भरून दूर गावी पाठवता येतात, ती याच शिदोरीवर.

आमचा अन्याय अशाच खोक्यांशी निगडित आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही झाबुआकडील आदिवासी भागात नेमणुकीवर होतो. ज्या मुलखाच्या कडकनाथास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोच हा मुलूख. तेथे घरटी काही सुधारित पिले वाटण्याचे एक लक्ष्य आम्हांस मिळाले. ऐन पावसाळ्यात पिले आली. कागदोपत्री वाटप वेळेत पूर्ण झाले व आम्हांस शाबासकीही मिळाली. पिलाचे वजन तीस-पस्तीस ग्रॅम. पहिल्या आठवड्यात त्यास पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी. झोपडीत वीज नव्हती, दिवा नव्हता आणि पंखांखाली घेणारी आईही नव्हती. थंडीने पिले एकमेकांवर चढून गुदमरली. उरलेल्यांना घारीची सावली ओळखायला कोणी शिकवले नव्हते. काही शहाण्या बायकांनी ती रात्रीच्या अंधारात आपल्या गावठी खुडकीच्या पोटाखाली गुपचूप सरकवली. सकाळी तिने ती आपलीच मानली, आणि तेवढीच जगली. आमच्या योजनेची लाज राखली ती आम्ही दोष ठरवलेल्या गुणाने.

दोन वर्षांनी त्याच वस्तीतील एक बाई आम्हांस म्हणाली, ‘‘साहेब, तुमच्या कोंबड्या अंडी देतात, पण कोंबड्या देत नाहीत.’’ त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. उत्तर नव्हते. गावठी कोंबडी मोडून आम्ही त्या घराला अंडी वाढवून दिली होती. पण पुढच्या पिलांसाठी आता त्या घराला दरवेळी कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागणार होते.

येथे कोणी म्हणेल, ही केवळ भावुकता झाली. उबवणी यंत्रे नसती तर शहरांना आणि शाळेतल्या मुलांना अंडी मिळाली असती काय? हा प्रश्न न्याय्य आहे. यंत्राने अंडी उबवणे हे काही आजचे पापही नव्हे. इजिप्तमध्ये उकिरड्याच्या उष्णतेने अंडी उबवतात असे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. आमचे भांडण यंत्राशी नाही. आमचे म्हणणे इतकेच, की आईला बाजूला सारणाऱ्याने आईचे काम आपल्या अंगावर घेतले पाहिजे, आणि तेही सगळे. यंत्राने एकवीस दिवसांचे काम उचलले; पुढच्या दोन महिन्यांचे उचलायचे कोणी, हे आमच्या आदेशात लिहिलेले नव्हते. ते काम कोंबडी फुकट करी, म्हणून ते काम आहे हेच आमच्या ध्यानात आले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कोंबडी बसते ती संप्रेरकाच्या बळावर. बदकाची अंडी ठेवा, तिच्यावरही बसेल, गुळगुळीत दगडावरही बसेल. जिला निवड नाही, तिला गुण कसला? नीतिशास्त्रात हे खरेच आहे, की पुण्य संकल्पाशिवाय नाही. पण ऋण? ऋणाला देणाऱ्याचा संकल्प लागत नाही. घेणाऱ्याने घेतले एवढे पुरते. कोंबडीला पुण्य लागो वा न लागो, तिच्या उबेवर ज्यांचा संसार चालला त्यांना ऋण लागतेच.

आपल्या नीतिकारांनी कोंबड्याकडून चार गुण घ्यावेत असे सांगितले : पहाटे उठणे, झुंजणे, आप्तांना वाटून खाणे आणि स्वतः मिळवून खाणे. कोंबडीकडे त्यांचे लक्ष गेले नाही. बुद्धाचे मात्र गेले. पाली निकायांत एक दृष्टान्त आहे. आठ, दहा वा बारा अंडी कोंबडीने नीट झाकली, नीट उबवली, तर पिले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिने केली नाही तरी ती येतातच. आणि नीट बसली नाही, तर इच्छेने काही येत नाहीत. भिक्षूच्या साधनेसाठी दिलेला हा दाखला आमच्यासारख्या लक्ष्यपूर्तीवाल्यांनाही तंतोतंत लागू पडतो. बुद्धाचे संक्षिप्त बोल विस्ताराने उलगडून सांगण्यात अग्रगण्य मानले गेलेले महाकच्चायन याच उज्जयिनीचे होते.

आणखी एक गोष्ट तिच्याकडून शिकण्याजोगी आहे. पिले सहा-आठ आठवड्यांची झाली की एके दिवशी ती त्यांना टोचून दूर करते. काल ज्यांच्यासाठी मांजराच्या अंगावर गेली, त्यांनाच आज दाण्यापाशी येऊ देत नाही. पाहणाऱ्यास ते निष्ठुर वाटते. पण तोवर त्यांना पिसे फुटलेली असतात आणि दाणे टिपता येत असतात. आम्ही मनुष्ये बहुधा उलटे करतो. ऊब देण्याच्या दिवसांत कामात असतो, आणि पिसे फुटल्यावर पंखाखाली घ्यायला धावतो.

हे लिहिताना आपल्या या मंडळींच्या घरांचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. शिंद्यांची राजधानी १८१० साली उज्जैनहून ग्वाल्हेरीस गेली. तरीही येथे राहिलेल्या घरांत मराठी टिकली. शाळा हिंदी, बाजार माळवी. मराठी उबली ती माजघरात, जिच्या कामाची कोठे नोंद नाही अशा एखाद्या आजीच्या तोंडून. आज नातवंडांनी मराठी बोलावे अशी इच्छा आपण सगळेच करतो. ‘बसणारी’ किती घरांत आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा. आणि आमच्यासारख्या निवृत्तांना तर बसण्यास वेळही भरपूर आहे.

त्या दिवशी देवास गेटवर बाईची बस आधी लागली. वाहकाने टोपली टपावर टाकायला सांगितली. बाईने ऐकले नाही. दोघांत थोडी वादावादी झाली आणि अखेर टोपली मांडीवर घेऊनच ती खिडकीशी बसली. त्या सगळ्या गलक्यात टोपलीतली कोंबडी हलली नाही. घरी आता कोणी आम्हांस खुडूक म्हटले, तर आम्ही रागावत नाही.