दावणीचा आकडा

एकविसावी पशुगणना चालू असताना मी माण तालुक्यातल्या एका वस्तीवर होतो. प्रगणक मोबाइल घेऊन अंगणात उभा होता. "शेळ्या किती?" घरच्या बाई म्हणाल्या, "चार." दावणीला मात्र सात होत्या. वरच्या तीन बहिणीच्या, अर्धलीने सांभाळायला आणलेल्या. होतील ती करडं निम्मी निम्मी. प्रगणक समजूतदार होता, त्यानं सातही मांडल्या. मग बाईंनी विचारलं, "हे लिहून नेता, त्याचं पुढं काय होतं?" त्याला उत्तर देता आलं नाही. आणि ते त्यानं द्यावं, अशी सोय आपण केलेलीच नाही.

देशात 1919 पासून साधारण दर पाच वर्षांनी जनावरं मोजली जातात. 2019 च्या गणनेत 53 कोटी 58 लाख पशुधन भरलं. महाराष्ट्रातली गाईबैलांची संख्या 2012 साली सुमारे 1 कोटी 55 लाख होती, ती 1 कोटी 40 लाखांवर आली. हे काम प्रचंड आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण पाच वर्षं हा काळ शेळीच्या हिशेबात फार मोठा. बोकड वर्षभरात विक्रीला येतो. बकरी ईदच्या आधी मोजलं तर एक आकडा, नंतर मोजलं तर दुसरा. 2022 मध्ये जनावरांचा लम्पी त्वचारोग आला, तेव्हा गावोगावच्या गाईबैलांसाठी हाताशी असलेली गणना 2019 ची होती. दुष्काळात चाऱ्याचा हिशेबही अशाच जुन्या आकड्यावर सुरू होतो. दूध, अंडी, मांस, लोकर यांचे अंदाज दरवर्षी निघतात. त्यासाठी नमुन्याची गावं निवडून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी तीनदा पाहणी होते. राज्याचा अंदाज बांधायला ती पुरते, पण चारा तालुक्याला लागतो.

दुसरीकडे गावच्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कोडनंबरापुढे लिटर, फॅट, एसएनएफ नोंदलं जातं. इतकी ताजी नोंद सरकारकडेही नाही. तीत घरी खाल्लेलं आणि चहाच्या टपरीला घातलेलं दूध नसतं, हे खरं; तरी गाभण काळ, चाराटंचाई, आजार यांची चाहूल आधी तिथेच लागते. ती नोंद डेअरीपाशीच थांबते, याची मला खंत वाटते.

आता जनावराच्या कानात बारा आकड्यांचा बिल्ला आला आहे. लस, रेतन, खरेदी-विक्री सगळं त्या नंबरावर चढावं ही कल्पना चांगलीच आहे. पण 2024 च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान मिळालं, ते बिल्ल्याच्या नोंदीशी जोडून. ज्याच्या गाईचा बिल्ला काटेरी कुंपणात तुटून पडला होता, त्याचे पैसे अडण्याची वेळ आली. पुढे बिल्ल्याशिवाय बाजारात जनावर आणायलाही मनाई झाली. एकाच नोंदीतून मदत द्यायची आणि तिनंच वाट अडवायची, असं झालं की माणूस विचारणाऱ्याचा हेतू ओळखूनच उत्तर देतो. 2015 च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकणं अवघड झालं आहे. त्याचं काय झालं, हे कोण मोकळेपणी सांगेल? म्हणून मोजणीचं काम तपासणीपासून वेगळं ठेवावं, आणि ते वेगळं आहे हे लोकांना दिसावं. गावचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. शेळ्या किती, पैकी बायकांच्या नावावर किती, लशीच्या मात्रा किती आल्या, हे ज्यांनी सांगितलं त्यांच्याच कानावर पडलं की चूक तिथल्या तिथे निघते. शेळ्या-मेंढ्यांची छोटी नमुना मोजणी दरवर्षी व्हावी. खर्च होईल, पण चुकीच्या ठिकाणी पाठवलेल्या लशीपेक्षा तो कमीच असेल.

एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची नोंद पहिल्यांदाच वेगळी घेतली गेली. फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत घाट चढतात. त्यांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, मोजला गेला, हे मोठंच काम झालं. पण नोंद गावाकडच्या दवाखान्यात लागली, तरी जानेवारीत मेंढी आजारी पडते ती घाटाखाली. तिथल्या डॉक्टरच्या यादीत हा वाडा असतो का?