ओटीला जाळी लावताना

कोकणातलं जुनं घर दुरुस्तीला काढलं की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: ओटी जाळीने बंद करून घ्यायची का? मुंबईतला मुलगा म्हणतो, लावून टाका, आईला संध्याकाळी बाहेर बसवत नाही. अमेरिकेत राहणारी पुतणी फोनवर सांगते, आमच्याकडे घराच्या मागच्या बाजूला जाळीची पडवीच असते, उन्हाळ्यात आम्ही जेवतोसुद्धा तिथे. फॅब्रिकेशनवाला टेप लावून माप घेतो आणि चौरस फुटाचा दर सांगतो. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण ओटी म्हणजे काय आणि ती कोणासाठी, हे ठरवल्याशिवाय त्या दरावर हो म्हणू नये, असं माझं मत आहे.

आधी डासांविषयी. उघड्या ओटीचं कौतुक करणारे आपण बहुतेक जण मे महिन्यात आणि गणपतीत गावी जातो. बारा महिने तिथे राहणाऱ्यांना मात्र दिवेलागणीला सोडणांची (नारळाच्या सालींची) धुरी करावी लागते, ती विझली की पाय वर घेऊन बसावं लागतं. सिंधुदुर्गाने हत्तीरोग पाहिला आहे, मलेरिया पाहिला आहे, आता डेंगी तर शहरागावात सगळीकडेच आहे. म्हातारपणी डेंगी झाला तर माणूस महिनोन्‌महिने सावरत नाही. म्हणून जाळीला कोणी परकं खूळ म्हणू लागलं तर मला ते पटत नाही.

शिवाय जाळीमागे पक्कं शास्त्र आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. तीनच वर्षांनी, 1900 साली, रोमजवळच्या ऑस्तिया भागातल्या मलेरियाग्रस्त दलदलीत सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर तारेच्या जाळीने बंद केलेल्या लाकडी झोपडीत उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत राहिले. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते, झोपडीतल्यांना काही झालं नाही. मात्र त्यांचा नियम कडक होता. सूर्य मावळण्याआधी आत यायचं, दार लावायचं, आणि सकाळ झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. त्या दाराच्या शिस्तीशिवाय नुसत्या तारेने त्यांना वाचवलं नसतं.

आता ही शिस्त कोकणातल्या ओटीवर कशी पाळणार? डासांची वेळ तीच आपली तिन्हीसांजेची. तुळशीपाशी दिवा न्यायचा असतो. लक्ष्मी यायची म्हणून पुढचं दार त्या वेळी लावत नाहीत. गुरं परतलेली असतात, दूध घालायचं असतं, शेजारचं कोणी वाटीभर साखर मागायला येतं, पोरं आतबाहेर करतात. त्या एका तासात जाळीचं दार सतत उघडत राहणार, आणि आत शिरलेला डास मग आतच कोंडून राहणार. डेंगीचा तर हिशेबच वेगळा. त्याचा एडिस डास दिवसाढवळ्या चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी विशेष. तो वाढतो आपल्याच आवारातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात: परसातल्या करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, झाकण नसलेली टाकी, टायर. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं ते याचसाठी. पनामा कालव्याच्या कामावर 1904 साली गेलेल्या गॉर्गस या अमेरिकी लष्करी डॉक्टरने घरांना जाळ्या लावल्या, पण त्याची मोठी फौज पाणी उपसायला, डबक्यांवर तेल टाकायला, पिंपं झाकायला राबत होती. आपल्याकडे जाळीवर हजारो रुपये खर्च होतात आणि मागच्या दारची टाकी तशीच उघडी राहते, याचं मला वाईट वाटतं.

जाळी हवाही अडवते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या फायबरच्या जाळीत इंचाला एका बाजूने 18 आणि दुसऱ्या बाजूने 16 धागे असतात. धाग्यांची जाडी वजा केली तर उघडी जागा दोन-तृतीयांशच्या आसपास उरते. मंद वारा त्या बारीक छिद्रांतून आणखी कमी येतो, आणि धूळ-कोळिष्टकं बसली की त्याहून कमी. वैशाखात ओटीवर बसायचं ते त्याच वाऱ्यासाठी. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात नैर्ऋत्येची झड. जाळीच्या छिद्रांत पाणी अडतं, चौकटीला शेवाळ धरतं. समुद्र जवळ असेल तर साधं लोखंड काही वर्षांतच गंजतं, 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात, 316 टिकतं पण महाग पडतं. ही माहिती दर ठरवण्याआधी विचारून घ्यावी.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. घरातला ओटी हा एकच भाग असा आहे की जो थोडा गावाचाही असतो. पोस्टमन तिथे टेकतो, वायरमन तिथे पाणी पितो, वाटेने जाणारा माणूस ‘काय, आहात का’ म्हणत पायरी चढतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या उघड्या ओसरीत, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे (बाक) असतात आणि बाल्कांवाचं तोंड रस्त्याकडे, ते याच गरजेपोटी. तिथे जाळीचं दार आलं की येणाऱ्याला हाक मारावी लागते, उत्तराची वाट पाहत पायरीवर उभं राहावं लागतं. दोनतीनदा असं झालं की तो काम असेल तरच येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ओटी सगळ्यांची होती, ही आपली गोड आठवण खरी नाही. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, ओटीवर कूळ बसत नसे, ते खाली अंगणात उभं राही. दलितांना तर अंगणाच्या कडेलाच थांबवलं जाई, त्यांना पाणी वरून ओतलं जाई. खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. कायदा झाला 1949 साली. कायद्यानंतरही ओटीच्या पायऱ्या सगळ्यांसाठी एकदम मोकळ्या झाल्या नाहीत, कित्येक घरांत त्याला पुढच्या पिढ्या लागल्या आणि काही घरांत अजून झालेल्या नाहीत. घरातल्या बायकाही माजघरात असत; ओटीवर पान खात गप्पा मारायचा हक्क पुरुषांचा. आज आई संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसते, हे तिच्या सासूला जमलेलं नव्हतं. कोणीही यावं आणि कोणीही बसावं अशी ओटी आत्ता कुठे होऊ लागली आहे, आणि नेमकं आत्ताच आपण तिला दार बसवायला निघालो आहोत. हे मला खटकतं. आणि त्याच वेळी हेही दिसतं की जिला इतक्या उशिरा तिथे बसायला मिळालं, तिने डास चावून घेत का बसावं? दोन्ही बाजूंना न्याय आहे, म्हणूनच हा निर्णय अवघड आहे.

पुढचा धोका शहरात सगळ्यांनी पाहिलेला आहे. मुंबईत फ्लॅटची बाल्कनी आधी ग्रिलने बंद झाली, मग सरकत्या काचांनी, मग मधली भिंत पाडून खोलीत मिसळली. तिथे जागेची टंचाई होती, चाळीतून आलेल्या कुटुंबाला दहा फूट जादा मिळणं ही मोठी गोष्ट होती; त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. पण गावच्या घरात जागेची टंचाई नाही, आणि तरी क्रम तोच दिसतो. जाळीमुळे वारा कमी होतो म्हणून पंखा, धूळ येते म्हणून काच, काच आली म्हणून कुलूप. मग त्या बंद ओटीवर वॉशिंग मशीन आणि रंगाचे डबे येतात, आणि आई पुन्हा माजघरात टीव्हीसमोर.

पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला ओटीला माडाची झापं बांधत आणि पाऊस सरला की सोडून ठेवत. घर बंद करायचं ते गरजेपुरतं आणि काढून ठेवता येईल असं, ही सवय आपल्याकडे होती. तीच धरून माझं मत असं आहे. पहिला खर्च झोपायच्या खोल्या, माजघर आणि स्वयंपाकघराच्या खिडक्यांना जाळ्या लावण्यावर करावा, कारण रात्रीचे आठ तास आणि चुलीपुढचे सगळे तास तिथे जातात. मागची पडवी पूर्ण बंद करायला काहीच हरकत नाही. पुढच्या ओटीचा मात्र एकच खण घ्यावा, पायऱ्यांपासून लांबचा, माजघराच्या दाराला लागून. तो तिन्ही बाजूंनी जाळीचा करावा आणि त्याचं दार घराच्या आतून ठेवावं. आईची खुर्ची त्यात, पंखाही त्यात. बाकीचे खण, पायरी आणि बाक उघडेच. येणारा बाकावर बसेल, आई जाळीआडून त्याच्याशी बोलेल, आणि दाराची उघडझाप होणार नाही. चौकटी नटबोल्टच्या घ्याव्यात, म्हणजे दिवाळीनंतर उतरवून धुता येतात आणि वैशाखात हव्या तर काढून ठेवता येतात.

फॅब्रिकेशनवाल्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगावी लागेल, कारण त्याच्या मापात ती नसते: मंगलोरी कौलांच्या फटींतून आणि वाशांवरच्या पोकळीतून डास खुशाल उतरतात, तेव्हा त्या खणाला वरूनही जाळी हवी. त्याचे पैसे वेगळे पडतील, आणि ते द्यावेत.