त्याला बोलू द्या



इंग्रजीच्या तासाला मुलांना 'एम्पथी' आणि 'रिस्पेक्ट' यांवर बोलायला सांगतात. शब्द पाठ होतात. पण दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा उन्हाळ्याच्या तोंडावर बीडला परततो, अडखळत एक वाक्य जुळवतो आणि वर्ग हसतो. चर्चा तिथेच संपते.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारू लागला, तेव्हा लोकांनी त्याला गप्प राहायला दटावले (मार्क १०:४६-५२). प्रभू येशू मात्र थांबला. आंधळ्याला काय हवे ते उघडच होते, तरी प्रभूने त्यालाच विचारले.

१९९८ साली संतपद मिळालेल्या एडिथ स्टाईन यांनी १९१६ साली याच विषयावर तत्त्वज्ञानाचा प्रबंध सादर केला. दुसऱ्याचे दुःख मला कळू शकते, पण ते माझे होत नाही, त्याचेच राहते, असे त्या मांडतात. म्हणून 'कळले तुझे' म्हणायची घाई नको.

पालकांनो, मुलांकडून घरी 'टेल मी मोर' एवढेच म्हणून घ्या. समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत व्याकरण राहू द्या. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे वर्गात इंग्रजीतून कोण समजावणार? त्या मुलाला ते ठाऊक आहे.