अकराव्या तासाची मजुरी

गेल्या पावसाळ्यापूर्वी घराची कौले परतायची होती, म्हणून मजूर पाहण्यास नाक्यावर गेलो. साडेअकरा वाजून गेले होते. सकाळी सातपासून उभे राहिलेल्यांपैकी चौघेच उरले होते. त्यांतला वयाने सर्वांत थोरला माझ्याबरोबर आला. संध्याकाळी मी त्याच्या हाती अर्ध्या दिवसाची मजुरी ठेवली. हिशेब चोख होता. त्याने नोटा मोजल्या व काही न बोलता तो निघून गेला.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पहाटे आलेल्यालाही एक दीनार आणि दिवस मावळण्यास तासभर उरला असता आलेल्यालाही एक दीनारच! प्रवचनात त्याचा अर्थ बहुधा स्वर्गराज्यापुरता राहतो. ते आपल्या सोयीचेही असते. परंतु १८६० साली जॉन रस्किनने तो थेट बाजारपेठेत आणला व त्यातीलच शब्द घेऊन आपल्या लेखांना ‘अनटू धिस लास्ट’ हे नाव दिले. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा सारांश गुजरातीत आणला.

दाखल्यातील एका तपशिलाकडे मात्र माझे लक्ष कधी गेले नव्हते. दिवसभर रिकामे का राहिलात, या प्रश्नाला ते मजूर सांगतात की आम्हांला कोणी कामावर बोलावलेच नाही. म्हणजे ते आळशी नव्हते. नाक्यावरही धडधाकट तरुण आधी उचलले जातात. वयस्क, किरकोळ अंगाचे मागे राहतात. आपण सुशिक्षित मंडळी या निवडीला गुणवत्ता म्हणतो. १९५८ साली मायकेल यंग यांनी गुणवंतांच्या राज्याचे चित्र रंगविले ते उपहासाने. त्या राज्यात तळाच्या माणसाला ‘माझी लायकीच ही’ असे मानण्यावाचून गत्यंतर नसते. लोकांनी त्यांचा ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द तेवढा गौरवाने उचलला.

पहाटेपासून राबलेल्यांची कुरकुर मला खोटी वाटत नाही. उन्हाचा ताप त्यांनीच सोसला होता. तरी ठरलेल्या दीनारातून त्यांचे काहीच कमी झाले नव्हते. खटकली ती बरोबरी. उभयपक्षी ठरली एवढ्यानेच मजुरी न्याय्य होत नाही, तीत काटकसरी मजुराचा निर्वाह भागला पाहिजे, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले होते. अर्ध्या मजुरीच्या दिवशीही घरातील तोंडे तेवढीच असतात.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या कामासाठी मी सातलाच नाक्यावर गेलो. तो होता. पूर्ण दिवसाचे किती, असे विचारले. त्याने आकडा सांगितला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून, मी काही बोलण्याआधीच, त्यातून पन्नास रुपये कमी केले.