सोन्नलगीचा संवाद

सोलापूर नगरीचे प्राचीन नाव सोन्नलगी. बाराव्या शतकात शिवयोगी श्री सिद्धरामेश्वरांनी येथे ६८ शिवलिंगांची स्थापना केली व लोकांच्या पाण्यासाठी तलाव खोदविला. नवी पेठेतील खरेदी आटोपून श्री सिद्धेश्वर मंदिरी जाणाऱ्यास त्या तलावाचे दर्शन आजही घडते. त्याच्या काठी झालेली एक भेट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात ती कथा आली आहे. तलावाचे काम चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांस दगड फोडणाऱ्यांचा राम म्हणून हाक मारली. गुरूचा अवमान झाला असे वाटून कामकरी खवळले व त्यांनी प्रभूंवर दगडांचा वर्षाव केला. स्वतः सिद्धरामही क्रुद्ध झाले. येथवर ही हकीकत कोणत्याही गावच्या भांडणासारखीच आहे. परक्या वाटेचा मनुष्य येतो, आपल्या देवकार्यास उणे बोलतो आणि हात दगडाकडे जातो.

पुढे जे घडले ते विरळा. दगड थांबले आणि बोलणे सुरू झाले. तलाव व देवालये बांधून शिव भेटतो, की तो स्वतःच्या अंतरी ओळखावयाचा असतो, हा वादाचा विषय होता. प्रश्न किरकोळ नव्हता. सिद्धरामांच्या जन्मभराच्या कार्यासच तो हात घालीत होता. तरी त्यांनी ऐकून घेतले, शंका विचारल्या आणि अखेर ते प्रभूंसमवेत कल्याणास गेले. तेथील अनुभवमंटपात मडिवाळ माचय्या हे परीट व अंबिगर चौडय्या हे नावाडी शरण म्हणून सर्वांच्या बरोबरीने बसत. चन्नबसवण्णांकडून सिद्धरामांनी तेथे दीक्षा घेतली.

आजच्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा कानी पडतात. नवी पेठेतील दुकानदार गिऱ्हाइकाच्या भाषेत भाव सांगतो, हे कौतुकास्पद खरे. परंतु भाव ठरला की ते बोलणे संपते. शेजाऱ्याच्या रोजाविषयी, त्याच्या घरच्या कुलाचाराविषयी आस्थेने विचारणारे थोडे. संक्रांतीच्या यात्रेत योगदंडाच्या विवाहास अक्षता का टाकतात, असे एखाद्या अन्यधर्मीयाने विचारल्यास त्यास कुंभारकन्येची कथा निवांत सांगावी, आणि त्याचे सणही त्याच्याच तोंडून ऐकावेत. याच नगरीचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. त्यांचे पुतळे शहरात एकत्र उभे आहेत. तेथेही भाविकांनी अवश्य थांबावे.

कल्याणास गेल्याने सिद्धरामांचा तलाव बुजला नाही, की एकही लिंग हलले नाही. ते सोन्नलगीस परतले, आणि त्यांची समाधी याच मंदिराच्या आवारात आहे.