वारसा आणि काडतूस

वारसाहक्काने आलेल्या वस्तूंमध्ये शस्त्राचे स्थान निराळे असते. पणजोबांचा तांब्या आजही पाण्याने भरतो, त्यांची पोथी आजही वाचता येते. बंदूक मात्र काडतुसावाचून मुकी राहते. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल घ्या. तिच्या काडतुसात सुमारे ५.५ ग्रॅम काळी दारू आणि ३१ ग्रॅमची शिशाची गोळी असे. १८८८ पासून तिची जागा नव्या रायफली घेऊ लागल्या आणि कालांतराने ते काडतूसही बाजारातून ओसरले. परदेशांतील हौशी लोक आज २४ बोअरच्या पितळी पुंगळ्यांना आकार देऊन ते घडवतात. या खटाटोपामागे केवळ कुतूहल नसते. पूर्वजांची वस्तू निकामी होऊ देणे म्हणजे त्यांच्याशी प्रतारणा, अशी वारसाची भावना असते.

ही भावना सच्ची आहे. पण ती तपासून पाहिली पाहिजे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ४५ वे कलम येथे उद्बोधक आहे. जुन्या घडणीचे किंवा पुरातन मूल्याचे शस्त्र दुरुस्त करूनही उडू शकत नसेल, तर ते जवळ बाळगण्यास या कायद्याची बंधने लागू होत नाहीत. म्हणजे कायदा शस्त्राचे वय विचारून थांबत नाही, त्याची क्षमताही विचारतो. नुसते जुनेपण शस्त्राला निष्पाप करीत नाही.

नैतिक प्रश्नही येथेच उभा राहतो. बंदूक पूर्वजांची असते. काडतूस मात्र शोधणाऱ्याचे असते. पणजोबांनी उडवलेल्या बारांचा जाब त्यांच्या काळाने विचारायचा; आजच्या बाराचा जाब वारसालाच द्यावा लागतो. शतकभर गंजलेल्या नळीत निर्धूर दारू भरली, तर तिच्या दाबाने मागचा कक्ष फुटू शकतो. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मुलाला पूर्वजांवरील निष्ठेची सबब सांगता येणार नाही.

बार उडवणे हाच बंदुकीचा धर्म, मग मुकी बंदूक म्हणजे केवळ शोभेची वस्तू, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर कर्नाटकातील कोडगूत सापडते. तेथील कोडवांना परवान्यातून वसाहतकाळापासून सूट आहे; २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. सप्टेंबरच्या आरंभी कैलपोळ्दु या सणाला घरातील शस्त्रे पूजली जातात. बंदुकीला वाहिल्या जाणाऱ्या फुलाला कोडव 'तोक पू', म्हणजे बंदुकीचे फूल, म्हणतात. मराठीत तीच कळलावी. परंपरेने मुलगा जन्मला की एक बार होतो आणि घरात मृत्यू झाला की दोन. हा बार कोणावर झाडायचा नसतो. गावाने ऐकायचा असतो.

असा बार सुस्थितीतील कोणत्याही बंदुकीतून काढता येतो. त्यासाठी जुन्या रायफलीला काडतूस शोधण्याची गरज नाही. तिचे काम नव्या बंदुकीने करावे आणि फूल तिला मिळावे, यात पूर्वजांचा अवमान नाही. मुलाने वडिलांचे काम हाती घेतल्यावर वडिलांचा मान घरात कमी होत नाही, तसेच हे आहे. पूर्वजांचे ऋण त्यांची बंदूक पुन्हा उडवून फिटत नाही. ती कधी उडवू नये हे ओळखणे, हाही त्या ऋणाचाच भाग आहे.